पनामा कालवा : जहाज चढतं ते पावसाच्या पाण्यावर

(नाशिक येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पनामा कालव्यातून जाणाऱ्या मोठ्या क्रूझचा विचार करणारे बरेच जण आज समोर बसले आहेत. भाडं, केबिन, जेवण यांबद्दल कंपन्या भरभरून सांगतात. कालवा चालतो कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. ते कळलं नाही तर डेकवर नऊ तास उभं राहून भिंती आणि झाडं बघितली एवढंच पदरात पडतं.

पनामा कालवा म्हणजे दोन समुद्र जोडणारा चर, अशी आपली समजूत असते. तसा चर सुएझला आहे. १९३ किलोमीटर लांब, वाटेत एकही लॉक (पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारा दरवाज्यांचा कप्पा) नाही, समुद्राचं पाणी सरळ आरपार. पनामात तसं करता आलं नाही. तिथे डोंगराची रांग आडवी आहे आणि चाग्रेस नावाची पावसाळ्यात उसळणारी नदी आहे. म्हणून त्या नदीवर गाटुन इथे धरण बांधलं आणि मागे समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर तलाव तयार केला. जहाज एका समुद्रातून तीन पायऱ्या चढून या तलावात येतं, तलाव पार करतं आणि पलीकडे तीन पायऱ्या उतरून दुसऱ्या समुद्रात जातं. सगळा रस्ता साधारण ८० किलोमीटरचा.

या पायऱ्या चढवायला पंप नाही. तलावाचं पाणी उतारानं खाली सोडायचं, त्यावर जहाज उचललं जातं आणि शेवटी ते पाणी समुद्राला मिळतं. जुन्या लॉकमधून एक जहाज आरपार जाताना सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी खर्च होतं. नाशिककरांना हा आकडा आपल्या मापात सांगतो : सात दशलक्ष घनफूट. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. म्हणजे काठोकाठ भरलेलं गंगापूर साधारण ८०० जहाजांत रिकामं होईल. दिवसाला ३६ जहाजं धरली तर बावीस दिवसांत! जायकवाडीला किती सोडायचं, शेतीचं आवर्तन कधी द्यायचं, यावर आपल्याकडे दरवर्षी खडाजंगी होते. पनामातही भांडण पाण्याचंच आहे, कारण देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं पिण्याचं पाणी कालव्याच्या तलावांतूनच येतं.

इतिहास थोडक्यात. सुएझ १८६९ साली खुला झाला आणि तो घडवणारे फर्दिनांद द लेसेप्स पनामात उतरले. इथेही समुद्रसपाटीचाच कालवा हवा, हा त्यांचा आग्रह. १८८१ ते १८८९ या काळात चिखल, दरडी, मलेरिया आणि पीतज्वरानं (यलो फीवर) सुमारे वीस हजार माणसं गेली आणि कंपनी बुडाली. १९०४ साली अमेरिकेनं काम हाती घेतलं, तोवर दोन गोष्टी बदलल्या होत्या. मलेरिया डासामार्फत पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत १८९७ साली शोधलं होतं, आणि पीतज्वरही डासच पसरवतो हे क्यूबात सिद्ध झालं होतं. अमेरिकी डॉक्टर विल्यम गोर्गास यांनी साठलेल्या पाण्यावर तेल टाकणं, जाळ्या बसवणं, धुरी देणं असं काम घरोघर केलं. दुसरी गोष्ट, लॉकच बांधायचे हे इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स यांनी पटवून दिलं. १५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज अधिकृतपणे पार झालं. ३१ डिसेंबर १९९९ पासून कालवा पनामाच्या ताब्यात आहे.

आता प्रत्यक्ष प्रवास. अटलांटिककडून निघालो असं धरू. पहाटे कोलोन शहराजवळच्या लाटरोधक भिंतीपाशी कालव्याचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा तिथला जाणकार, चढतो. जगात इतरत्र पायलट कप्तानाला सल्ला देतो. इथे जहाज चालवण्याचा पूर्ण ताबाच पायलटकडे जातो. त्याच्यासोबत दोर सांभाळणारी कालव्याची माणसंही चढतात.

गाटुनचे लॉक म्हणजे एकामागे एक तीन कप्पे, आणि शेजारी तसेच आणखी तीन. प्रत्येक कप्पा ३०४.८ मीटर लांब, ३३.५३ मीटर रुंद. यात बसणाऱ्या जहाजाची कमाल रुंदी ३२.३१ मीटर. वजाबाकी करा : दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन फूट. इतक्या फटीत जहाज मधोमध ठेवतात ती विजेची इंजिनं, ज्यांना तिथे ‘म्यूल’ म्हणतात. प्रत्येकाचं वजन पन्नास टनांच्या आसपास, दातेरी रुळावर चालणारं, जहाजाच्या आकारानुसार चार ते आठ. म्यूल जहाज ओढत नेतात असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर जहाज स्वतःच्या इंजिनावर पुढे सरकतं. म्यूलचं मुख्य काम पोलादी दोर ताणून किंवा सैल सोडून जहाज भिंतीपासून लांब ठेवणं आणि वेळेवर थांबवणं. पायलट रेडिओवर आज्ञा देतो, म्यूलचा चालक घंटा वाजवून पोच देतो. ती घंटा ऐकू आली की दोराकडे बघा, ताण बदललेला दिसेल.

जहाज आत आलं की मागचा दरवाजा बंद होतो. दरवाज्याचं एकेक पान सुमारे वीस मीटर रुंद आणि दोन मीटर जाड, आतून पोकळ. पोकळ असल्यानं पाण्यात ते बरंचसं तरंगतं आणि बिजागरीवर भार कमी येतो. दोन पानं मिटली की त्यांचं टोक चढाच्या बाजूला, म्हणजे जास्त पाण्याकडे असतं. पाण्याचा दाबच त्यांना घट्ट आवळून धरतो. मग झडपा उघडतात. भिंतींच्या पोटात साडेपाच मीटर व्यासाचे बोगदे आहेत, त्यांतून पाणी तळाखाली येतं आणि तळातल्या शंभर भोकांतून वर येतं. एका बाजूनं लोंढा सोडला असता तर जहाज भिंतीवर आपटलं असतं; तळभर पसरून आल्यामुळे ते सरळ उचललं जातं. दहा मिनिटांच्या आत साडेआठ मीटर!

हे बघायचं कुठून? सगळे पहाटेच नाकापाशी गर्दी करतात आणि तिथेच अडकून पडतात. पहिल्या कप्प्याला वर, पुढे उभे राहा, दरवाजे आणि म्यूलची चढण दिसेल. दुसऱ्या कप्प्याला खालच्या प्रोमेनेड डेकवर, म्हणजे जहाजाच्या कडेनं फिरायच्या मोकळ्या डेकवर या. डोळ्यांसमोर ओलं, शेवाळलेलं काँक्रीट असतं, शंभराहून अधिक वर्षांचं, आणि ते हळूहळू खाली जाऊ लागतं. भिंतीचा काठ येतो, मग रूळ, मग म्यूलच्या चालकाचा चेहरा. जहाज उचललं जातंय हे तिथे जितकं कळतं तितकं वरून कधीच कळत नाही. तिसऱ्या कप्प्याला मागच्या टोकाला जा. आपण सोडून आलेला समुद्र खाली दिसतो.

यात बिघडतं काय? सर्वांत खालचा दरवाजा उघडला की कप्प्यातलं गोडं आणि बाहेरचं खारं पाणी एकमेकांत घुसतं. खारं जड, ते तळाशी शिरतं. गोडं वरून बाहेर धावतं. या प्रवाहात जहाज हेलपाटतं, म्हणून पायलट तिथे घाई करत नाही. वारा हा दुसरा शत्रू. क्रूझ जहाज उंच असल्यानं शिडासारखा वारा खातं.

गाटुन तलाव निवांत आहे. पाण्याखाली गेलेल्या टेकड्यांचे माथे बेटं बनून राहिले आहेत. त्यांतलं बारो कोलोरादो १९२३ पासून अभ्यासासाठी राखीव आहे. जेवण याच वेळेत उरकून घ्या, कारण पुढे कुलेब्रा खिंड येते, १३.७ किलोमीटर, खंडाच्या कण्यातून कापलेली. खरी झुंज इथे झाली. माती अशी की खणावं तितकी बाजूनं घसरे. कालवा सुरू झाल्यावरही १९१५ साली दरड कोसळून तो सुमारे सात महिने बंद राहिला. आज काठाला दिसणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारांचं कारण तेच, वरचा भार कमी करणं. तळातला गाळ अजूनही सतत उपसावा लागतो.

दिशेचीही एक गंमत. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज पश्चिमेला जाईल असं वाटतं. ते जातं आग्नेयेला, कारण भूमीची ती पट्टी तिथे वळलेली आहे. सावली कोणत्या बाजूला येईल, याचा हिशेब करून बाल्कनी निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उतरताना पेद्रो मिगेलला एक पायरी, मग छोटा तलाव, मग मिराफ्लोरेसला दोन. अटलांटिकला भरती-ओहोटीचा फरक एक मीटरही नसतो. पॅसिफिकला तो सहा मीटरपर्यंत जातो. म्हणून मिराफ्लोरेसचा शेवटचा दरवाजा सगळ्यांत उंच आहे. पुढे १९६२ चा ‘ब्रिज ऑफ द अमेरिकाज’. भरतीला त्याखाली साधारण ६१ मीटर मोकळी जागा राहते. ‘ओॲसिस’ वर्गातली अवाढव्य क्रूझ जहाजं सत्तर मीटरहून उंच आहेत, त्यामुळे नवे रुंद लॉक झाले तरी त्यांना ही वाट बंदच.

नवे लॉक २६ जून २०१६ रोजी सुरू झाले. कप्पे ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. इथे म्यूल नाहीत, पुढे-मागे टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) असतात, आणि दरवाजे बाजूला सरकतात. प्रत्येक कप्प्याला तीन साठवण हौद आहेत, त्यांमुळे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. तरीही २०२३ साली एल निनोनं पाऊस आटला. ऑक्टोबर तर १९५० पासूनचा सर्वांत कोरडा. रोजची जहाजं ३६ वरून पुढे बावीसपर्यंत खाली आणावी लागली. मालवाहू जहाजांना माल कमी भरावा लागला, कारण खोली कमी. क्रूझ जहाजं तुलनेनं उथळ असतात आणि त्यांची पाळी आधी राखलेली असते, म्हणून त्यांना झळ कमी लागते.

आता तयारी. फ्लोरिडा ते कॅलिफोर्निया अशा पूर्ण प्रवासाला अमेरिकेचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा, कारण शेवटी पुन्हा अमेरिकेत शिरायचं असतं. या मार्गावर कोलंबियातलं कार्ताहेना किंवा अरूबा बेट हमखास का असतं? अमेरिकेचा १८८६ चा कायदा परदेशी जहाजांना तिथल्या दोन वेगळ्या बंदरांमध्ये थेट प्रवासी नेऊ देत नाही, मध्ये दूरचं परदेशी बंदर लागतं. किनाऱ्यावर उतरण्याचे नियम कंपनीकडून लेखी घ्या.

पीतज्वराची लस विसरू नका. भारताच्या यादीत पनामा आणि कोलंबिया दोन्ही आहेत. प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, मुंबईत ती आहेत. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आजन्म चालतं. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, अंड्याची ॲलर्जी असेल तरही जपावं लागतं. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, मगच पैसे भरा.

महिना निवडताना मध्य डिसेंबर ते एप्रिल घ्या, तो तिथला कोरडा काळ. तरी दमटपणा असतोच; टोपी आणि पाण्याची बाटली डेकवर जवळ ठेवा. ‘पार्शल ट्रान्झिट’ लिहिलं असेल तर जहाज गाटुन चढून तलावात फिरतं आणि त्याच दिवशी मागे उतरतं. कुलेब्रा आणि मिराफ्लोरेस त्या जहाजातून दिसत नाहीत, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं.

बुकिंग करताना लॉक जुने की नवे हे विचारा. एजंटला बहुधा माहीत नसतं, आणि वाटप कालवा प्राधिकरण करतं. म्हणून जहाजाची रुंदी विचारा. ती ३२.३१ मीटरपेक्षा जास्त असेल तर नवे लॉक नक्की : म्यूल नाहीत, घंटा नाही, भिंतही दूर. म्यूल आणि दोन फुटांची फट बघायची असेल तर त्याहून अरुंद, मध्यम आकाराचं जहाज घ्या, आणि केबिनपेक्षा प्रोमेनेड डेक सर्वांना खुला आहे का, ते आधी तपासा.