आयईएलटीएस : गुण नेमके कशाचे?

मंडळी, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल सगळे आधी एकच विचारतात : 'पास व्हायला किती लागतात?' इथे पास-नापास हा प्रकारच नाही. 0 ते 9 अशी अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांची बँड-पट्टी आहे आणि तुम्ही तिच्यावर कुठे आहात, एवढंच निकाल सांगतो. साडेसहा चालतील की सात हवेत, हे ठरवतं ते विद्यापीठ, ती व्यावसायिक परिषद किंवा त्या देशाचं व्हिसा खातं. म्हणून आधी त्यांची अट वाचा, तयारीची पुस्तकं मागून उघडा. फॉर्म भरताना ॲकॅडेमिक की जनरल ट्रेनिंग, यांतला परीक्षेचा कोणता प्रकार हवा, हेही डोळ्यांत तेल घालून बघा. ऐकणं आणि बोलणं दोन्हींत सारखंच आहे. वाचन आणि लेखन मात्र वेगळं.

ही परीक्षा 1989 पासून चालू आहे. ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियातली आयडीपी ही शिक्षणसंस्था आणि केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग मिळून ती चालवतात. लिसनिंगला 40 प्रश्न, रीडिंगला 40, रायटिंगला तासाभरात दोन लेखनं आणि स्पीकिंगला समोरासमोर 11 ते 14 मिनिटांची मुलाखत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे रकाना कोरा सोडणं हा निव्वळ तोटा. लिसनिंगमधली ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकलं. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलेलं असताना तीन लिहिले, तरीही चुकलं.

आता रीडिंगमधल्या एका प्रश्नप्रकारावर थोडं थांबतो, कारण चांगलं इंग्रजी येणारी मंडळी तिथेच अडखळतात. विधान दिलेलं असतं आणि तुम्ही ठरवायचं : ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन. समजा उताऱ्यात असं आहे : 'पैशांअभावी ग्रंथालय बंद पडलं आणि दहा वर्षांनी नव्या इमारतीत पुन्हा सुरू झालं.' पहिलं विधान : 'ग्रंथालय पुन्हा कधीच उघडलं नाही.' हे फॉल्स, उतारा त्याच्या थेट उलट सांगतो. दुसरं विधान : 'नवी इमारत जुनीपेक्षा मोठी होती.' इथे बहुतेक जण ट्रू लिहून मोकळे होतात. नवी म्हणजे मोठीच असणार, नाही का? पण आकाराबद्दल उताऱ्यात चकार शब्द नाही. उत्तर नॉट गिव्हन. तुमचं सामान्यज्ञान इथे कोणी विचारलेलं नाही. उलट उताऱ्याचा विषय तुमच्या अभ्यासाचा निघाला, तर जास्त सावध राहा. माहीत असलेली गोष्ट उताऱ्यातच वाचली असं वाटायला लागतं.

लेखनाकडे वळू. पहिल्या टास्कला (ॲकॅडेमिकमध्ये आलेखासारख्या माहितीचं वर्णन, जनरलमध्ये पत्र) किमान 150 शब्द, दुसऱ्याला, म्हणजे निबंधाला, किमान 250. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे, तरी लोक पहिल्या टास्कवर अर्धा तास घालवतात आणि निबंध घाईघाईत गुंडाळतात. वीस आणि चाळीस मिनिटं अशी वाटणी ठेवा. परीक्षक चार गोष्टी बघतो : विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपदा, आणि व्याकरण. चौघांना सारखंच वजन. याचे सविस्तर निकष जाहीर आहेत, कोणीही वाचू शकतो. वाचणारे मात्र फार थोडे. पाठ केलेला निबंध पहिल्याच निकषावर मार खातो, कारण प्रश्न एका गोष्टीचा आणि उत्तर भलत्याच. क्लासवाले जडजड शब्दांच्या याद्या वाटतात, त्या मला तरी निरुपयोगी वाटतात. चुकीच्या जागी बसवलेला भारी शब्द साध्या शब्दापेक्षा महाग पडतो.

बँडचं गणितही समजून घ्या. चार भागांची सरासरी काढतात आणि जवळच्या अर्ध्यावर नेतात; पाव आला तर वर ढकलतात. समजा तुम्हाला 7, 6.5, 6 आणि 5.5 मिळाले. बेरीज 25, सरासरी 6.25, निकाल 6.5. यातल्या एका भागात अर्धा बँड कमी पडला, तर सरासरी 6.125 होते आणि निकाल थेट 6. रीडिंगमधल्या एखाद्याच उत्तराने हे होऊ शकतं. शिवाय बऱ्याच संस्थांची अट 'एकूण साडेसहा, आणि कोणत्याही भागात सहापेक्षा कमी नको' अशी असते. मग आपल्या उदाहरणातला एकूण 6.5 कागदावर छान दिसतो आणि 5.5 मुळे अर्ज अडतो. सराव करताना एकूण आकड्यापेक्षा सगळ्यात कच्च्या भागाकडे बघा, ते यासाठी.

स्पीकिंगबद्दल दोनच गोष्टी. परदेशी हेल काढायची गरज नाही. उच्चारांच्या बाबतीत ते सहज समजतात का, हे मुख्यतः बघितलं जातं. तुमचं मत बरोबर की चूक, हेही कोणी तपासत नाही. दुसऱ्या टप्प्यात कार्ड मिळतं, एक मिनिट तयारीला आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर 'गेलं सगळं' असं वाटून पुढच्या टप्प्यात गळाठू नका. वेळ संपली की त्याला थांबवावंच लागतं.