हजर, तरी गैरहजर

नमस्कार श्रोतेहो,

सकाळचा चहा हातात असेल तर असू द्या. मला आज कॉफीबद्दल बोलायचं आहे, पॅलेस्टाईनचे कवी महमूद दरवीश यांच्या कॉफीबद्दल.

जन्म १९४१ चा, आज उत्तर इस्रायलमध्ये असलेल्या गॅलिली भागातल्या अल-बिरवा गावचा. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात गावात इस्रायली सैन्य शिरलं आणि घरची मंडळी सात वर्षांच्या महमूदला घेऊन लेबनॉनला गेली. वर्षभरानं लपतछपत परतली, तर गाव जमीनदोस्त. शिवाय ते परतेपर्यंत नव्या इस्रायल देशाची शिरगणतीही उरकली होती. त्यामुळे अशा लोकांना सरकारी भाषेत नाव मिळालं, ‘हजर-गैरहजर’. असा शेरा हजेरीपटावर मारला तर गुरुजींना आपण वेड्यात काढू. तिथे तो कायदा होता.

त्याच कागदी कारभाराला ‘ओळखपत्र’ ही त्यांची गाजलेली कविता उत्तर देते. दगडाच्या खाणीत राबणारा, आठ पोरांचा बाप कारकुनाला सुनावतो, लिहून घे, मी अरब आहे! पुढे अरब श्रोते तिचीच फर्माईश करायचे आणि दरवीश टाळायचे. हे मी इस्रायली कारकुनाला सांगितलं होतं, अरबांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार पटतं. एकाच कवितेच्या खुंटीला कवीला आयुष्यभर टांगून का ठेवायचं?

मला त्यांची आईवरची कविता जवळची वाटते. आपण आईचे नावडते, असं लहानपणी त्यांच्या मनानं घेतलं होतं. मग तरुणपणी तुरुंगात असताना ती कॉफी घेऊन भेटायला आली, आणि ती अढी सुटली. आईच्या हातची भाकरी, आईच्या हातची कॉफी, एवढ्यासाठी जीव तुटतोय, असं ते लिहितात. मूळ अरबीत भाकरी नाही, ‘खुब्ज’ आहे. पण मराठीत ‘पाव’ म्हटलं की आई निघूनच जाते.

१९७० मध्ये त्यांनी देश सोडला. मॉस्को, कैरो, मग बैरूत. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायली सैन्यानं बैरूतला वेढा घातला. वरून बॉम्ब पडताहेत, आणि कवीला हवी आहे फक्त पाच मिनिटांची शस्त्रसंधी. कशासाठी? स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करायला! त्या वेढ्यावरच्या गद्य पुस्तकात पानंच्या पानं ही कॉफी उकळते आहे. पाणी किती, चमचा कसा फिरवायचा, सगळं. घर गेलेल्या माणसाला घर पुन्हा मांडायचं तर सुरुवात तिथूनच होणार.

१९८८ चा पॅलेस्टिनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनीच लिहिला. इस्रायलशी झालेला ऑस्लो शांतता करार मात्र रुचला नाही. १९९३ मध्ये ते पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या कार्यकारिणीतून बाहेर पडले आणि नंतर पॅलेस्टाईनमधल्या रामल्ला शहरात येऊन राहिले.

९ ऑगस्ट २००८ ला अमेरिकेत, ह्यूस्टनमध्ये, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. दफन रामल्लाच्या टेकडीवर झालं, अल-बिरवात नाही. आई तेव्हा हयात होती.