'प' आणि 'ब' यांच्यामधलं गाव

मंडळी, 'द बँड्स व्हिजिट' हा चित्रपट संपून दिवे लागल्यावरही तुम्ही लगेच उठला नाहीत, म्हणून बोलायचा धीर होतोय.

87 मिनिटांत घडतं तरी काय? अलेक्झांड्रियाच्या पोलीस वाद्यवृंदातले आठ वादक, फिकट निळ्या गणवेशात, इजिप्तहून इस्रायलमध्ये येतात. पेताह तिक्वा शहरातल्या अरब सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनाला त्यांना वाजवायचं असतं. न्यायला कोणी येत नाही. बस पकडून पोचतात ते भलतीकडेच, बेत हातिक्वा नावाच्या ओसाड गावात. पुढची बस दुसऱ्या दिवशी.

ही चुकामूक होते एका अक्षरामुळे. आपल्या वर्णमालेत 'प' आणि 'ब' एकाच ओळीत बसतात, दोन्हींना ओठ सारखेच मिटतात. प्रमाण अरबीत मात्र 'प' नाही, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडी त्याचा सहज 'ब' होतो. हिब्रूत पेताह तिक्वा म्हणजे आशेचं दार, बेत हातिक्वा म्हणजे आशेचं घर. पहिलं शहर खरं आहे, दुसरं गाव दिग्दर्शक एरन कोलिरिन यांनी कल्पिलेलं. दारापाशी जायला निघालेली माणसं चुकून घरात शिरली, असं मी मनाशी म्हणतो.

2007 सालच्या या चित्रपटात पाहुणे आपसात अरबी बोलतात, यजमान हिब्रू. एकमेकांशी बोलायचं तर मोडकं इंग्रजी, जे दोघांचंही नाही. इस्रायलने ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी हाच चित्रपट निवडला होता. निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजी, म्हणून तो बाद ठरला. मला याचं आजही वाईट वाटतं. कारण ज्या गोष्टीसाठी तो बाद झाला, तीच तर त्याचा प्राण आहे! हे इंग्रजी ऐका. शब्द अपुरे, म्हणून कोणी पल्लेदार बोलू शकत नाही. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, समोरच्याला कळलं का ते पाहायचं. आपल्या भाषेत आपण इतकं थांबतो का?

1979 मध्ये या दोन देशांत शांतता करार झाला. त्याआधीच्या युद्धांबद्दल चित्रपटात कोणी वाद घालत नाही. जेवायला बसतात तिथे भिंतीवर रणगाड्याचा फोटो असतो. एक वादक टोपी काढतो आणि त्या फोटोवरच अडकवतो. तेवढंच.

शब्द संपतात तिथे कोलिरिन हातांकडे वळतात. स्केटिंगच्या जागी ते तिघं बाकावर बसलेले आठवा. गावातला पापी नावाचा लाजरा तरुण, रडणारी मुलगी आणि वाद्यवृंदातला देखणा खालेद. खालेद मुलीला रुमाल द्यायला, धीर द्यायला पापीला शिकवतो तो बोलून नव्हे. आधी पापीच्या गुडघ्यावर स्वतःचा हात ठेवतो, पापी तोच हात पुढे मुलीच्या गुडघ्यावर ठेवतो. कॅमेरा हलत नाही, कट नाही. आपण हसतो, पण त्या हसण्यात पापीची टिंगल नसते.

वादक सायमनची अर्धवट राहिलेली रचना, रोज टेलिफोनपाशी उभा राहणारा तो तरुण, यांवर स्वतंत्र बोलावं लागेल. आज मला वाद्यवृंदाचा प्रमुख तौफिक आणि गावात खाणावळ चालवणारी दिना यांच्याबद्दलच सांगायचंय. तौफिकची भूमिका करणारे ससोन गाबाय मूळचे बगदादचे. तौफिकचा ताठ कणा आणि रोनित एल्काबेत्झ यांच्या दिनाचं ऐसपैस बसणं, दोघांच्या देहांतच केवढं अंतर आहे! ती लहानपणी दूरदर्शन संचावर पाहिलेल्या अरबी चित्रपटांबद्दल, इजिप्तचा नट ओमर शरीफ याच्याबद्दल बोलते. तो ऐकतो. त्याच्या मुलाचं, बायकोचं दुःख त्याने अजून उच्चारलेलं नाही, आणि उच्चारेल तेव्हाही याच परक्या भाषेत, अडखळत.

ती विचारते, वाद्यवृंद चालवताना कसं वाटतं? त्याच्याकडे शब्द नाहीत. तो हात वर उचलतो, समोर वादक असल्यासारखे. ती बघते आणि तिचेही हात वर जातात. रिकाम्या जागेतला एक बाक, रात्र, आणि एकही वाद्य वाजत नसताना हवेत धरलेले दोघांचे हात.