यात पाणी कुठून टाकायचं?

(दृश्य: नागपूर, मे महिना, दुपार. खिडकीतला कूलर, ओल्या ताट्या, खाली बादलीत ठिबकणारं पाणी.)

नागपुरात ‘कूलर घेतला’ म्हटलं की डोळ्यांसमोर हाच येतो. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि रोज पाइप लावून भरायचं पाणी. म्हणून मी खोकं टेबलावर ठेवून ‘नवा कूलर आला’ म्हणालो, तेव्हा आईने आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“एवढासा? यात पाणी कुठून टाकायचं रे?”

टाकायचंच नाही. कारखान्यातून भरून, सील होऊन येतं.

(दृश्य: टेबलावर मांडलेले भाग, जवळून.)

हा संगणकाच्या प्रोसेसरचा ऑल-इन-वन लिक्विड कूलर, बोलताना नुसता एआयओ. तीन पंख्यांचा, ३६० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर. त्यातून निघालेल्या दोन जाड काळ्या नळ्या. नळ्यांच्या टोकाला मुठीत मावेल असा पंप आणि पंपाच्या तळाला तांब्याचा चकचकीत चौकोन. त्या चौकोनाच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक खाचा असतात. पाणी त्या खाचांतून घासून जातं, प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरपर्यंत नेतं. तिथे पंखे ती हवेत सोडतात. पाणी परत खाली.

म्हणजे हा हमाल आहे. खिडकीतल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून आत येणारी हवा बाहेरच्यापेक्षा गार लागते. एआयओमध्ये थेंबाचीही वाफ होत नाही. त्यामुळे त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोली ३५ अंश, तर पाणी ३५च्या वरच. जाहिरातीत पाइपांवर बर्फ दाखवतात, तो चित्रकाराचा.

आणि नळाचं पाणी यात चालणारही नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात राहिले की गंज धरतो. म्हणून आत ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं मिसळलेलं पाणी असतं. आमच्या ताट्यांवर उन्हाळाभरात पांढरा थर साचतो, तो पाहिला की हे वेगळं समजवावं लागत नाही.

(दृश्य: प्रोसेसर, अंगठ्याच्या शेजारी धरलेला.)

एवढा खटाटोप कशासाठी? हा इंटेलचा कोअर आय-९ १४९००के, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेला. पूर्ण जोरात असताना इंटेलच्याच आकड्यानुसार २५३ वॅट घेतो. जुने पिवळे ६० वॅटचे बल्ब आठवा. तसे चार बल्ब पेटल्यावर होणारी उष्णता, आणि तीही या झाकणाखालच्या नखाएवढ्या जागेतून. १०० अंशांना पोचला की हा स्वतःच वेग कमी करतो. जळत वगैरे नाही, फक्त तुम्ही मोजलेल्या पैशांचं काम करत नाही.

आता परीक्षा. पहिल्या दिवशी मीच नापास झालो. पंप बसवला, स्क्रू आवळले, संगणक सुरू केला, आणि काही सेकंदांत प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा १००. खोलून पाहतो तर तांब्यावरची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच. तिच्यावर छोट्या अक्षरांत ‘काढा’ असं लिहिलेलंही होतं. फिल्म काढली, प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये उष्णता पोचवायला लावतात ती जुनी पेस्ट पुसली, नवी लावली.

पुढचा धोका वेळेचा. पाण्याला तापायला वेळ लागतो आणि एआयओ त्याच वेळेवर भाव खातो. हिशेब सोपा आहे. समजा आत पाव लिटर पाणी आहे आणि पंखे बंद आहेत. २५० वॅटने ते साधारण चार सेकंदांत एक अंश तापेल. पंखे सुरू असले की हाच चढ मंदावतो, लांबतो. म्हणून दोन मिनिटं चाचणी चालवून ‘बघा, किती गार’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याचं पाणी अजून तापतंय. मी अर्धा तास देतो, कारण पाण्यापाठोपाठ कॅबिनेटमधली हवाही तापत जाते.

(दृश्य: रात्रीचे अडीच. दिवा एकच. मोठा कूलर बंद.)

अर्धा तास, आणि तो रात्री. कारण आवाज मोजायचा आहे. खिडकीतला कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत यातले तीन पंखे ऐकूच येत नाहीत. बंद केला तर खोली तापत जाते. आवाज हवा की गारवा, दोन्ही मिळत नाहीत. शेवटी मोठा कूलर बंद केला, गल्लीतली कुत्री शांत व्हायची वाट पाहिली आणि घामाघूम होऊन बसलो.

पंखे मी पूर्ण वेगाने फिरवत नाही. पूर्ण वेगाने कोणताही कूलर चांगला दिसतो, फक्त त्या खोलीत बसवत नाही. आधी ठरवायचं, आपल्याला किती आवाज चालतो. पंखे तिथे अडकवायचे आणि मग तापमान पाहायचं.

अर्ध्या तासाने खोली ३३ अंश. या मॉडेलमध्ये पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर आहे, सगळ्यांत नसतो. पाणी ४८. प्रोसेसरचा सगळ्यात तापलेला कोअर, म्हणजे आतला आकडेमोड करणारा एक भाग, ९०.

९० वाचून दचकू नका. ९०मधून ३३ वजा करा. उरले ५७, आणि कूलरची खरी कामगिरी या ५७मध्ये आहे. हाच कूलर एखाद्याने २१ अंशांच्या वातानुकूलित खोलीत तपासला असता, तर त्याच्या पडद्यावर ७८च्या आसपास आकडा दिसला असता आणि तुम्ही म्हणाला असता, माझाच पीस खराब निघाला.

त्या ५७ची अजून फोड करू. खोली ते पाणी, फरक १५. पाणी ते कोअर, फरक ४२. रेडिएटर मोठा केला, पंखे वाढवले, तर घटणार त्या पंधरातूनच. बाकीचे बेचाळीस सिलिकॉन, वरचं झाकण, पेस्ट आणि तांबं यांच्यात अडकलेत. म्हणून दोन पंख्यांच्या २४० मिलिमीटर रेडिएटरवरून ३६०वर गेल्यावर लोकांना वाटतं तेवढा फरक पडत नाही. थोडा पडतो. पैसे मात्र बरेच पडतात.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या काही प्रोसेसरांत तर तापमानाचा आकडा बघून काही कळतच नाही. रायझन ९ ७९५०एक्स, २०२२चा. पूर्ण कामाला लावला की तो मुद्दामच ९५ अंशांपर्यंत चढतो आणि तिथे टिकून राहतो. चांगला कूलर लावा, बरा लावा, पडद्यावर ९५च. तिथे बघायचं ते किती वॅट आणि किती वेग टिकतोय हे.

(दृश्य: कान पंपाजवळ.)

ऐका. बारीक गुणगुण येते, ती पंपाची. माठात तांब्या बुडवल्यासारखी गुडगुड आली तर आतली हवा पंपात शिरली असं समजा. काही वर्षांत नळ्यांच्या रबरातून थोडं पाणी झिरपून उडतं आणि त्या जागी हवेचा फुगा होतो. म्हणून पंप सगळ्यात उंच ठिकाणी नसावा. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला की फुगा त्याच्याच टोकात अडकून राहतो.

पंपाचंच मला खटकतं. प्रोसेसरच्या, पाण्याविना नुसत्या हवेवर चालणाऱ्या कूलरचा पंखा बिघडला तर दुसरा आणून लावता येतो. यातला पंप गेला की सगळंच गेलं. आणि रायझन ५ ७६००सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर घेणाऱ्याला तर याची गरजच नाही. त्याच्या खोक्यातच एक छोटा कूलर फुकट येतो.

माझ्या २५३ वॅटला तो पुरणार नव्हता. हा ठेवतोय.

(दृश्य: घड्याळात तीन चाळीस. नोंदवही मिटते.)

शेवटची नोंद झाली. आतल्या खोलीतून आवाज आला, “झालं का तुझं? लाव आता कूलर.”

लावला. मोठा.