काय आहे आणि काय नाही, हे ठरवतं कोण?

आयडिऑलॉजी, म्हणजे विचारसरणी, म्हटलं की आपल्याला लगेच टॅक्स किती असावा, कोणाला काय हक्क द्यावेत असली भांडणं आठवतात. माझं म्हणणं असं की ही भांडणं बरीच नंतर येतात, त्याच्या आधीच जगात मुळात काय काय आहे याची एक यादी गुपचूप तयार झालेली असते आणि अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो.

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरचं १९८७ च्या मुलाखतीतलं वाक्य घ्या, समाज असं काही नसतंच, स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, कुटुंबं आहेत. आता वरवर बघितलं तर यात कुठल्या भत्त्यात कपात करा वगैरे काहीच नाही, निव्वळ अस्तित्वाबद्दलचं विधान आहे. पण समाजच नाही म्हटल्यावर समाजाची जबाबदारी कुठून आणणार? (शेजाऱ्याला मदत करणं हे कर्तव्य आहे असंही बाई त्याच मुलाखतीत म्हणाल्या होत्या, पण ते कोणी कोट करत नाही.) आणि गंमत म्हणजे समाज दिसत नाही म्हणणाऱ्या थॅचरच्या पठडीतल्या लोकांना मार्केट मात्र अगदी ठसठशीत दिसतं, त्याला काय आवडतं, ते कशाला घाबरलं, सगळं माहीत असतं.

यादीतून एखादी गोष्ट खोडण्यासारखंच तिच्यात नवीन घुसवणंही चालतं. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने ड्रॅपेटोमेनिया नावाचा रोग शोधून काढला, गुलाम पळून जातात तो म्हणे रोग, आणि त्यावर उपायांत चाबूकही होता. आपण हसतो, पण त्याचं लॉजिक बघा ना. गुलामी ही निसर्गाचीच व्यवस्था आहे हे एकदा धरलं की माणूस का पळतो याचं उत्तर सापडत नाही, कारण स्वातंत्र्याची इच्छा हे उत्तर दिलं तर सगळा डोलाराच कोसळतो, मग त्या भोकात बसेल असा रोग तयार करावा लागतो. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्याला तो रोग खरंच दिसत असणार, आणि तेच जास्त भयंकर आहे.

आता यावरून काहीजण लगेच म्हणतात की मग सगळंच माणसाने बनवलेलं, खरं असं काहीच नाही. हा मला आळशीपणा वाटतो. सोव्हिएत युनियनमध्ये लायसेन्को या शेतीतज्ज्ञाच्या गटाने १९४८ मध्ये जेनेटिक्सला, म्हणजे आनुवंशिकतेच्या शास्त्राला, बूर्झ्वा (भांडवलदारांचं) ठरवून बाहेर काढलं, लायसेन्कोला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव तर त्याआधीच, १९४३ ला, तुरुंगात मेले होते. पण यादीतून खोडलं म्हणून जीन (जनुकं) कुठे पळून गेले नाहीत, झाडांमध्ये त्यांचं काम चालूच होतं, आणि १९५३ ला तिकडे केंब्रिजमध्ये, जीन ज्याचे बनलेले असतात त्या डीएनएची रचनासुद्धा सापडली.

खरी पंचाईत आहे ती वंशासारख्या गोष्टींची. माणसांमधला जनुकीय फरक साधारण ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच असतो हे लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं, म्हणजे वंश हे निसर्गाने पाडलेले कप्पे नव्हेत. मग वंश नाहीच म्हणायचं? ज्याला कातडीच्या रंगावरून घर नाकारलं जातं त्याला हे जाऊन सांगा बरं. तो कप्पा लोकांच्या वागण्यावर उभा आहे, पण उभा आहे, आणि तुम्ही एकट्याने मानणं सोडलंत तरी तो हलत नाही, पैशाचंही तसंच आहे. आयडिऑलॉजीची खरी हातचलाखी इथे चालते, वागण्यातून तयार झालेली गोष्ट ती जीनच्या, म्हणजे निसर्गातल्या गोष्टींच्या रांगेत नेऊन बसवते, आणि उलट बाजूचे लोक तीच गोष्ट ड्रॅपेटोमेनियाच्या, म्हणजे मुळात नसलेल्या गोष्टींच्या रांगेत टाकून मोकळे होतात.

मग समाजातल्या आर्थिक वर्गाचं, म्हणजे मालक आणि मजूर या भेदाचं काय, असं कोणी विचारेल. तो मला वंशाच्याच रांगेत वाटतो, कट्टर मार्क्सवाद्यांना हे पटणार नाही, त्यांच्या लेखी वर्ग हा लोकांच्या मानण्या-न मानण्यावर उभाच नाही, मालकी कोणाकडे आणि मजुरी कोण करतो यावर उभा आहे. पण मालकीसुद्धा शेवटी सगळ्यांनी मानली म्हणूनच चालते ना? बोला, यावर कोणाला भांडायचंय?