साखळी टाक्यातला पत्ता

(दृश्य: पांढऱ्या सुती कापडावर पसरलेली, परकराच्या नेफ्याची जुनी पट्टी)

वीतभर पट्टी, लाल दोरा. वाचायला जरा वेळ लागतो. आधी आजीच्या मामाचं नाव, मग ‘जुनी इंदूर’, मग ‘होळकर स्टे’. शेवटचा ‘ट’ उसवलाय.

1942च्या फेब्रुवारीत रंगून सोडताना आजीच्या आईनं हा पत्ता लेकीच्या परकराला आतून शिवला. चिठ्ठी दिली असती, पण कागद घामानं भिजतो आणि शाई पसरते. साखळी टाका निवडला, कारण रेघ जाड उठते आणि जुन्या कापडावरही अक्षर दिसतं. त्याची खोड एकच. शेवटची गाठ सुटली की टाका मागे मागे उसवत जातो. हे माहीत असलेल्या बाईनं प्रत्येक अक्षराला वेगळी गाठ मारली आहे, म्हणून ‘ट’ गेला तरी बाकीचा पत्ता राहिला.

(दृश्य: ब्रह्मदेशाचा नकाशा, रंगूनवर बोट)

जपानी विमानांचा रंगूनवरचा पहिला मोठा हल्ला 23 डिसेंबर 1941चा, मंगळवारचा. विमानं बघायला लोक रस्त्यावर आले होते. आजीचे वडील गोदीत कारकून होते, ते त्या दिवशी परतले नाहीत. मायलेकी निघाल्या त्या चाळीतल्या शेजाऱ्यांबरोबर. मंडालेपर्यंत आगगाडी, मोन्यवाहून चिंदविन नदीतून कलेवापर्यंत बोट, आणि तिथून कबाव खोऱ्यातून तामूपर्यंत पायी. त्यापुढे मणिपुरातल्या पालेलपर्यंत साठेक किलोमीटरचा डोंगर. त्या वर्षी चार लाखांहून अधिक हिंदी माणसं अशा निरनिराळ्या वाटांनी ब्रह्मदेशातून बाहेर पडली. वाटेत गेलेल्यांची पुरी यादी कोणापाशी नाही.

(दृश्य: शाळेच्या दाखल्याची प्रत)

आजीच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जुलै 1933. ती खोटी आहे. जन्माचा कागद नसला की मास्तर अंदाजानं वर्ष धरत आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख घालत. मुलीला वाचता येत होतं, वरच्या वर्गात बसवायचं होतं, म्हणून वर्षं वाढवली. पुढे ती शिक्षिका झाली, तेव्हा त्या अंदाजानं नोकरीची एक-दोन वर्षं खाल्ली.

खरं वय दातावरून काढता आलं. चिंदविनच्या बोटीत तिचा वरचा पुढचा दात पडला. पडलेला दात घराच्या कौलावर टाकायचा, ही आपली रीत. तिथं कौल कुठलं? आईनं तो तिला नदीत टाकायला लावला. वरचे पुढचे दुधाचे दात सहसा सातव्या-आठव्या वर्षी पडतात. ही बोट मार्चमधली, म्हणजे जन्म 1934 किंवा 1935चा. याच आठवणीतून आणखी एक गोष्ट पक्की झाली. कलेवापर्यंत आई जिवंत होती. ती गेली तामू ओलांडल्यावर, डोंगरात, हगवणीनं.

तिच्यासारखे कितीतरी जण पाण्यानं गेले. लोकांच्या फडक्यात पोहे असत, कारण त्यांना चूल लागत नाही, भांडं लागत नाही, ओंजळभर पाणी पुरतं. पण हजारोंच्या वाटेवरचा ओढा म्हणजे वरच्या अंगाला माणसं बसलेली आणि खालच्या अंगाला पिणारी. पाणी उकळायला सरपण लागतं आणि थांबावं लागतं, आणि थांबायची सोय नव्हती.

शेजाऱ्यांनी मुलीला पुढे आणलं. पालेलहून ट्रकनं इंफाळ, मग दिमापूर. गुवाहाटीजवळच्या पांडूला ब्रह्मपुत्रेवर तेव्हा पूल नव्हता, आगबोटीनं अमीनगाव. मग कलकत्ता, आणि मुंबई मेलनं खांडवा. तिथं लहान लाईनची गाडी बदलून कालाकुंड-पातालपानी चढत महू आणि इंदूर. या चढाला घाट म्हणायला आजी शेवटपर्यंत तयार नव्हती. मामाच्या दारात शेजारीणबाईंनी आधी परकर उलटा करून दाखवला, मग बोलल्या.

(दृश्य: सकाळचं इंदूर, पोह्यांची गाडी, वाफ)

अख्खं शहर पोह्यांवर उठतं, आणि आजी पोह्यांना तोंड लावायची नाही. तरी दोन शेर कोरे पोहे फडक्यात, दुहेरी गाठीनं बांधून, कोठीच्या दारामागे कायम टांगलेले असत. दर महिन्याला ते फोडणीला जायचे आणि नवे बांधले जायचे, नाहीतर पावसाळ्यात किडे धरतात. पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावर आणखी पाच मिनिटं चुलीवर. घरात नळ आला, पुढे फिल्टर आला, तरी पातेलं हटलं नाही.

नेफ्याच्या पट्टीची घडी करत नाहीत, घडीवरच कापड तुटतं. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटावर सैल गुंडाळून ठेवलीय. प्लास्टिकच्या पिशवीत दमट धरते आणि बुरशी येते, म्हणून पिशवीही नाही.

(दृश्य: माजघर, मांडलेलं पान)

पितृपक्षात या घरात दोन दिवस पान वाढलं जातं. बाँबनं गेलेल्या वडिलांचं चतुर्दशीला, कारण शस्त्रानं गेलेल्यांची तिथी ती. आईची तिथीच ठाऊक नाही, म्हणून तिचं दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला. वडिलांच्या पानाजवळ नळाचं पाणी चालतं. आईच्या पानाजवळचा तांब्या आदल्या रात्रीच भरून ठेवतात, उकळून गार केलेल्या पाण्यानं.