पर्लकोटेला पूर येतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

आज हिवतापाविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी भामरागडला जायला हवं. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचं हे गडचिरोलीतलं गाव. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. थंडीतापाचा मोसमही नेमका तोच.

इथे दोन डास महत्त्वाचे. ॲनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस वाढतो जंगलातल्या ओढ्यांच्या संथ, स्वच्छ पाण्यात; ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस धानाच्या बांध्यांत, पूर ओसरल्यावर उरलेल्या डबक्यांत. डासानं रुग्णाचं रक्त शोषल्यावर त्याच्या पोटात हिवतापाचा जंतू तयार व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. कोरड्या हवेत बरेच डास त्याआधीच मरतात. दमट हवेत ते तगतात. म्हणून पाऊस लांबला की धोक्याचे दिवसही लांबतात. गारठा वाढून तापमान 16 अंशांखाली राहिलं, तरच जंतूची वाढ थांबते.

पण डास सगळ्यांना सारखा चावत नाही, हे मला आज ठासून सांगायचं आहे. सरकार औषध लावलेली मच्छरदाणी देतं, ती घरात टांगलेली असते. धान पिकायला लागलं की रानडुकरांपासून ते राखायला घरातला माणूस जागलीला शेतावर जातो, उघड्यावर झोपतो. पीक गेलं तर वर्षभर खायचं काय? त्याला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे. घराच्या मातीच्या भिंतीवर फवारणी होते, पण पुढे सणाला भिंत नव्यानं सारवली की औषध मातीखाली जातं.

मग ताप येतो. दवाखाना दूर, मधे नाला भरलेला, एक दिवस गेला म्हणजे एक मजुरी बुडाली. आधी पुजाऱ्याकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, जाणं होतं. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप असेल तर हे दोन-तीन दिवसच घात करतात. तो मेंदूत शिरतो, लहान मुलाला झटके येतात, मूल बेशुद्ध पडतं. वेळेत मिळाल्या तर हा आजार गोळ्यांनी बरा होतो, म्हणून असा प्रत्येक मृत्यू मला जास्त सलतो.

मुंबईत डास वेगळा, ॲनोफिलिस स्टिफेन्सी, टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढणारा. तिथेही तो आधी गाठतो ते अर्धवट इमारतीतच झोपणाऱ्या मजुराला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पूल बुडण्याआधी, जूनच्या सुरुवातीलाच, नदीपलीकडच्या प्रत्येक आशाताईकडे तपासणीचे किट आणि पुरेशा गोळ्या पोचल्या पाहिजेत. आणि जागलीला जाणाऱ्यासाठी घरटी एक मच्छरदाणी जास्तीची द्यावी, शेतावरच्या माळ्यावर बांधता येईल अशी.